एक्समधले ४७ मायक्रॉन

इम्पेलरबद्दल, म्हणजे पाती असलेल्या फिरत्या चाकाबद्दल, ग्राहकाच्या मेलमध्ये दोन प्रश्न होते. तुमच्या डेटाशीटवर इम्पेलरचं वजन ११.९९ किलो आहे, पण तुमचीच स्टेप फाइल (थ्रीडी मॉडेलची) आमच्याकडे उघडली तर ११.६३ येतं, हे कसं? आणि गुरुत्वमध्य अक्षापासून एक्समध्ये ०.०४७ मिमी, वायमध्ये उणे ०.०८२ मिमी दाखवलाय. पाती चुकीच्या जागी तर बसली नाहीत ना? दुसऱ्या दिवशी पॅटर्न (ओतकामाचा नमुना) करायला टाकायचा होता, त्यामुळे बाकीची कामं बाजूला ठेवावी लागली.

पार्ट असा: क्लोज्ड इम्पेलर, बाहेरचा व्यास ३२० मिमी, सहा पाती, मटेरियल सीएफ८एम (ओतकामाचं स्टेनलेस स्टील), वेग २९०० आरपीएम. मॉडेल इन्व्हेंटर या कॅड सॉफ्टवेअरमध्ये केलेलं.

वजनाचं कोडं दहा मिनिटांत सुटलं. मॉडेलला लायब्ररीतलं सरसकट 'स्टेनलेस स्टील' लावलं होतं, घनता ८.०० ग्रॅम प्रति घनसेंमी. सीएफ८एम कास्टिंगला ७.७५ धरतात आणि ग्राहकाने तेच धरलं होतं. साधारण १५०० घनसेंमी आकारमानावर हा फरक पावणेचारशे ग्रॅमचा होतो. वजन जुळत नसेल तर आधी घनता तपासावी. ॲक्युरसी सेटिंगचा नंबर फार नंतर लागतो. घनता सुधारताना लायब्ररीत सीएफ८एम नावाचं वेगळं मटेरियल केलं. वजनाच्या रकान्यात हाताने आकडा टाकायचा मोह बऱ्याच जणांना होतो, पण तो ओव्हरराइड एकदा बसला की पुढे भूमिती कितीही बदला, आकडा जागचा हलत नाही.

दुसरा प्रश्न मात्र दुपार खाऊन गेला. पहिला संशय अर्थातच की-वेवर, म्हणजे शाफ्टची की बसण्यासाठी मधल्या हबमध्ये कापलेल्या खाचेवर. बोअर (हबचं भोक) ४५ मिमी, की १४ × ९, हबमधली खोली ३.८ मिमी, हबची लांबी ६५ मिमी. बोअरची गोलाई धरून खाचेचं क्षेत्रफळ ५८.४ चौमिमी भरतं, म्हणजे ३.८ घनसेंमी धातू कमी, तोही अक्षापासून सरासरी २४.२ मिमीवर. ३.८ गुणिले २४.२ भागिले १५००.६, उत्तर ०.०६१ मिमी. घनता इथे वर-खाली कटून जाते, त्यामुळे मघाच्या गोंधळाचा या आकड्याला स्पर्शही नाही. खाच वायच्या धन बाजूला होती, म्हणजे गुरुत्वमध्य उणे वायकडे ०.०६१ सरकायलाच हवा. उणे ०.०८२ मधला मोठा वाटा असा मिळाला. पण की-वे वाय अक्षाच्या दोन्ही बाजूंना सारखाच असतो. एक्समध्ये तो एक मायक्रॉनही देऊ शकत नाही. मग ४७ आले कुठून?

की-वे सप्रेस केला, म्हणजे मॉडेलमधून तात्पुरता काढला. आता उरला तो अक्षाभोवती फिरवलेला घन आणि त्यावर ६०-६० अंशांवर एकाच पात्याच्या सहा प्रती. अशा वस्तूचा गुरुत्वमध्य अक्षावर असतो, त्याला मोजणीची गरजच नाही. तरी आकडे आले एक्स ०.०४७, वाय उणे ०.०२१. सर्क्युलर पॅटर्नचा (पात्याच्या प्रती गोलात मांडणाऱ्या कमांडचा) अक्ष आणि कोन तपासले, दोन्ही बरोबर. मग अख्खी बॉडी स्वतःच्या अक्षाभोवती २० अंश फिरवून पुन्हा मोजलं. धातू खरंच एका बाजूला जास्त असता, तर सरक बॉडीबरोबर २० अंश फिरली असती. ती फिरली नाही. तिसऱ्याच दिशेला वेगळाच आकडा आला. म्हणजे पार्ट ठीक होता, खोट हिशेबात होती.

आय-प्रॉपर्टीजच्या फिजिकल टॅबवर 'रिक्वेस्टेड ॲक्युरसी' असा एक चौकोन आहे: लो, मीडियम, हाय, व्हेरी हाय. आमचा होता लोवर, आणि टेम्प्लेटमध्येच तसा असल्याने सगळ्याच फाइलींत तसाच. गंमत म्हणजे आकड्यांशेजारी रिलेटिव्ह एरर टक्क्यांत छापलेला असतो. तो आमच्यापैकी एकानेही कधी वाचला नव्हता. डेटाशीटवर उतरवताना फक्त डावीकडचा आकडा उचलायची सवय.

हे असं का होतं? सॉफ्टवेअर घनाचं आकारमान त्याच्या पृष्ठभागांवर इंटिग्रेशन करून काढतं. सपाट किंवा दंडगोल पृष्ठभाग असेल तर काम सोपं आणि उत्तर चोख. इम्पेलरचं पातं दुहेरी वळणाचं, मुळाशी बदलत्या त्रिज्येचं फिलेट (गोलसर कोपरा). हे सगळे स्प्लाइन, म्हणजे मुक्त वळणाचे, पृष्ठभाग. तिथे तुकडे पाडून बेरीज करावी लागते. लोवर तुकडे मोठे राहतात. शिवाय सहा पाती अक्षांशी सहा वेगळ्या कोनांत असतात, त्यामुळे प्रत्येकाची चूक थोडी वेगळी पडते आणि ती एकमेकांना पूर्ण खोडत नाही.

व्हेरी हायवर टाकून अपडेट दाबलं. काही सेकंदांच्या जागी चाळीसेक सेकंद लागले. आकारमान १४९८.२ चं १५००.६ झालं, म्हणजे फरक जेमतेम ०.१६ टक्के, जुन्या घनतेनेही वजनात १९ ग्रॅम. की-वे सप्रेस असताना एक्स आणि वाय दोन्ही ०.०००. की-वे परत आणला, वाय उणे ०.०६१. हाताचा हिशेब जुळला.

वजनात नगण्य असलेली ही चूक गुरुत्वमध्यात का भोवते, तर तिथे तुलना शून्याशी असते. ०.०४७ आणि ०.०२१ मिळून ५१ मायक्रॉन. आयएसओ २१९४०-११ या बॅलन्सिंगच्या मानकातल्या जी ६.३ ग्रेडला २९०० आरपीएमवर परवानगी आहे सुमारे २१ मायक्रॉनची. अस्तित्वातच नसलेला असमतोल मर्यादेच्या अडीचपट! बारा किलोला तो सुमारे ६१० ग्रॅम-मिमी होतो. कुणी हा आकडा खरा मानून श्राउडवर (पाती झाकणाऱ्या तबकडीवर) १५० मिमी त्रिज्येला कमी-जास्त करायला गेलं असतं, तर चांगल्या पार्टमधून चार ग्रॅम धातू विनाकारण उडाला असता.

त्यानंतर टेम्प्लेट बदललं, पण सरसकट व्हेरी हाय केलं नाही. बेस फ्रेमच्या हजारभर पार्टांच्या असेंब्लीला ते लावलं तर नुसतं बसून राहावं लागेल, आणि उचलायच्या वजनासाठी लोही पुरतं. फिरणाऱ्या पार्टांना मात्र व्हेरी हाय, आणि रोटरच्या असेंब्लीत ते वेगळं निवडायचं. भूमिती बदलल्यावर अपडेट दाबल्याशिवाय डेटाशीटवर काही उतरवायचं नाही. रोटर डायनॅमिक्सवाल्यांना (फिरणाऱ्या भागांची कंपनं तपासणाऱ्यांना) इनर्शिया, म्हणजे जडत्वाचा आकडा, देताना तो ग्लोबल अक्षांभोवतीचा की गुरुत्वमध्याभोवतीचा, आणि प्रॉडक्ट ऑफ इनर्शियाचं चिन्ह कुठल्या पद्धतीचं, हेही लिहायचं. ॲप्लिकेशन ऑप्शन्समधल्या निगेटिव्ह इंटिग्रलच्या एका टिकने ते चिन्ह उलटतं.

संध्याकाळी सुधारलेली शीट गेली: ११.६३ किलो, एक्स ०.०००, वाय उणे ०.०६१, खाली टीप 'की-वेसकट, कीशिवाय'. बॅलन्सिंग मँड्रेलवर (तात्पुरत्या शाफ्टवर) हाफ-की (खाच भरणारी अर्धी की) घालून करणार का, असा उलट मेल आला. हो, हाफ-की घालूनच. पॅटर्न दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे टाकला.