बीसीडी अंगाला बसलं पाहिजे

स्कुबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स झाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: स्वतःचं सामान घ्यायचं तर आधी काय घ्यावं? बहुतेक जुने डायव्हर सांगतात, मास्क घ्या, मग पायात घालायचे फिन्स, मग खोली आणि वेळ दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर. बीसीडी, म्हणजे हवा भरायचं जॅकेट, सगळ्यात शेवटी, तोपर्यंत भाड्याचं चालतं. मास्कबद्दल माझं अजिबात दुमत नाही. पण ज्यांची अंगकाठी सरासरीपेक्षा लहान किंवा मोठी आहे, विशेषतः माझ्यासारख्या बुटक्या बायका, त्यांना मी कळकळीने सांगते की मास्कनंतर थेट बीसीडीकडे वळा.

माझं नारायण पेठेत शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, ड्रेस, लग्नसराईत शिवलेल्या नऊवारी. टेप दिवसभर गळ्यातच असते. त्यामुळे अंगावर घालायची कुठलीही वस्तू दिसली की नजर आधी खांद्याकडे आणि मुंढ्याकडे जाते. डायव्हिंगचं वेड मला मालवणने लावलं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना जी छोटी डाइव्ह देतात, तिच्यात जॅकेटमध्ये हवा भरणं-सोडणं सगळं शिकवणारे सरच करतात, आपण नुसता श्वास घ्यायचा. कोर्स केल्यावर मात्र ते जॅकेट आपल्या ताब्यात येतं, आणि मग ते कसं बसलंय याला फार महत्त्व येतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीसीडी म्हणजे पाठीवर सिलिंडर धरून ठेवणारं, आत हवेची पिशवी असलेलं जॅकेट. डाव्या खांद्यावरून एक जाड नळी पुढे येते, तिच्या टोकाला इन्फ्लेटर. एक बटण दाबलं की सिलिंडरमधली हवा पिशवीत जाते, दुसरं दाबलं की बाहेर पडते. हवा भरली की वर, सोडली की खाली, आणि बरोबर मध्ये साधलं की पाण्यात अधांतरी. हे साधायला वेळ लागतो, कारण खोली बदलली की पिशवीतली हवाही बदलते. पृष्ठभागावर 1 बार दाब, 10 मीटरवर 2, 20 मीटरवर 3. म्हणजे 10 मीटरवर पिशवीत असलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. सगळ्यात मोठा फरक पडतो तो वरच्या 10 मीटरांत, आणि नवीन डायव्हर नेमका तिथेच जास्त असतो. अशा वेळी हात आपसूक बटणावर किंवा झटकन हवा सोडायच्या डंप व्हॉल्व्हच्या दोरीवर गेला पाहिजे. जॅकेट अंगावर इकडेतिकडे सरकत असेल तर ती दोरी दर वेळी वेगळ्याच जागी सापडते.

एका ठिकाणी मला भाड्याचं मिडियम मिळालं होतं, स्मॉल शिल्लक नव्हतं. किनाऱ्यावर पट्टे आवळल्यावर ठीक वाटलं. पाण्यात उतरून हवा भरल्यावर सगळं जॅकेट वर सरकलं आणि कॉलर हनुवटीला टेकली. खाली गेल्यावर प्रत्येक वळणाला सिलिंडर एका कुशीला कलायचं आणि त्याच्याबरोबर मी. समोर पॅरट फिश खडकाला चोच लावून कुरतडत होता, तो कटकट आवाजसुद्धा ऐकू येत होता, आणि माझं अर्धं लक्ष मात्र उजव्या हाताने पट्टा खाली ओढण्यात.

आता माझ्या धंद्यातलं सांगते. दुकानात बीसीडीचं माप छाती, उंची आणि वजनावरून सांगतात. यातलं उंचीचं माप फसवं असतं. पाच फूट दोन इंचाच्या दोन बायका माझ्यासमोर उभ्या असतात, एकीची पाठ लांब आणि पाय आखूड, दुसरीचं बरोबर उलट. ब्लाउजला चालणारी गोष्ट बीसीडीलाही चालते: मानेमागचं जे हाड मान वाकवल्यावर वर येतं, तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत पाठीची उंची मोजा. माझी साडेपंधरा इंच भरते. जॅकेटचा पाठीचा भाग याहून लांब असेल तर कमरपट्टा कमरेवर न बसता नितंबांवर उतरतो, धड कुठे टेकत नाही, आणि हवा भरली की सगळं वर चढतं. छातीचा घेर वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब देणारा रबरी सूट, घालून घ्या, नुसत्या कुर्त्यावर नको. आणि खांद्याची रुंदी बघाच. पुरुषांच्या मापाचे खांद्याचे पट्टे सरळ खाली येतात, ते बाईच्या छातीवर नको तिथे दाबतात किंवा खांद्यावरून घसरतात. बायकांसाठी कापलेल्या जॅकेटमध्ये हे पट्टे बाहेरच्या बाजूला वळवलेले असतात, काहींत बकल फिरतंही. नुसता जांभळा रंग देऊन आत तेच पुरुषांचं कटिंग ठेवलेलं जॅकेटही बाजारात मिळतं, म्हणून पट्ट्याची वळणं बोटाने चाचपून बघा.

प्रकार मुख्यत्वे तीन. साध्या जॅकेटमध्ये हवा पाठीमागे आणि दोन्ही कुशींना भरते. पाण्याच्या वर ते तुम्हाला छान उभं धरतं, म्हणून शिकवायला बहुतेक सगळीकडे तेच असतं. पण पूर्ण भरलं की बरगड्या आवळतात. बॅक इन्फ्लेटमध्ये सगळी हवा पाठीमागे, पोट आणि कुशी मोकळ्या. पाण्याखाली शरीर आपोआप आडवं राहतं, फिन्सने तळाची माती उडत नाही. वर आल्यावर मात्र भरपूर हवा भरली तर तोंडाकडून पुढे ढकललं जातं. त्याला उपाय आहे: हवा बेताची भरा, थोडं मागे रेला, आणि बुडण्यासाठी जे शिशाचं वजन जवळ ठेवतो त्यातलं थोडं मागच्या खिशात टाका. तिसरा प्रकार म्हणजे धातूची पाटी, एकसंध पट्टा आणि मागे पंखासारखी पिशवी. पट्टा तुमच्या मापाने कापून घेता येतो, हे मला शिवणारी म्हणून फार आवडतं. पण नेहमीची पाटी माझ्या पाठीला लांब पडते आणि स्टीलची असेल तर विमानाच्या सामानात तीच दोनेक किलो खाते. पुण्याहून अंदमानला जायचं म्हणजे साधारण 15 किलोची मर्यादा, त्यात साधं बीसीडीच तीन-चार किलोचं. मी बायकांच्या कटिंगचं, स्मॉल, बॅक इन्फ्लेट घेतलं आणि त्यावर मी मनापासून खूश आहे.

हा सगळा शोध तसा फार जुना नाही. 1961 मध्ये फ्रान्समध्ये फेन्झीने गळ्यात घालायची, घोड्याच्या गळपट्ट्यासारखी दिसणारी पिशवी आणली, तेव्हा सगळी हवा मानेभोवती आणि छातीवर असायची. हात घालून घालायचं जॅकेट स्क्युबाप्रोने 1971 मध्ये आणलं. फिटिंगचा प्रश्न खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला असं मला वाटतं, कारण गळ्यातल्या पिशवीला ना खांदा ना मुंढा.

उचल किती हवी, म्हणजे जॅकेट किती किलो तरंगवू शकतं, यावर दुकानदार मोठमोठे आकडे सांगतात. आपल्या कोमट पाण्यात त्याची गरज नसते. हिशोब सोपा आहे. 11 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बारने भरलेली हवा स्वतः पावणेतीन किलोच्या आसपास असते, तेवढी डाइव्हमध्ये हळूहळू संपते. 3 मिलिमीटरचा वेटसूट खोलीवर दाबला जाऊन थोडी तरंगण्याची ताकद गमावतो. या दोन्हींची भरपाई होऊन वर डोकं पाण्याबाहेर राहिलं की झालं. लहान मापात 10-12 किलोची उचल माझ्यासारखीला पुरते. मोठी पिशवी घेतली तर रिकामी असताना तिच्या घड्या पाण्यात फडफडतात आणि हवेचे बुडबुडे कोपऱ्यांत अडकून बसतात.

दुकानात घालून बघताना आरशासमोर उभं राहू नका, आरसा इथे काही सांगत नाही. वेटसूट घाला, पट्टे आवळा आणि मग पिशवीत हवा भरा, जादा दाबाचा व्हॉल्व्ह फुस्स करेपर्यंत. आता पोटातून खोल श्वास घ्या. श्वास अडला तर ते जॅकेट ठेवून द्या, मग ते कितीही सवलतीत मिळत असो. आमचे सर मालवणचे, ते एवढंच म्हणाले होते, ‘ताई, आधी हवा भरून बघा, मग सांगा कसं वाटतं ते.’ भरलेल्या अवस्थेतच कुणाला तरी कॉलर धरून जॅकेट वर ओढायला सांगा. दोन-तीन बोटं वर जाणं ठीक, कानापर्यंत आलं तर माप मोठं. मग हवा सोडा आणि पट्टे पुन्हा बघा: सगळे शेवटपर्यंत ओढून झालेले असतील तर पुढे मोकळीक संपली, आणि सगळे पूर्ण सैल ठेवावे लागत असतील तर जाड सूट आत मावणार नाही. पट्टा मधल्या टप्प्यात बसला पाहिजे. सिलिंडर लावून मान मागे करा, डोकं व्हॉल्व्हला आपटायला नको.

आणि शेवटी डोळे मिटा. डाव्या हाताने इन्फ्लेटर, उजव्या हाताने खांद्यावरचा डंप, मग कमरेमागचा खालचा डंप, मग दोन्ही वजनांचे खिसे ओढायच्या मुठी. चाचपडावं लागलं तर जागा तुमच्या हाताला सोयीची नाही. खालच्या डंपची दोरी मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण आडवं पोहत असताना सगळ्यात उंच भाग तोच असतो आणि हवा तिथूनच निघते.

जमलं तर पाण्यात घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पुण्यात समुद्र नाही, पण पोहण्याचे टँक भरपूर आहेत आणि इथे डायव्हिंग शिकवणारे टँकवरच सराव घेतात. टँकचं पाणी गोडं, त्यामुळे तिथे जेवढं शिसं लागेल त्यापेक्षा समुद्रात साधारण दोन किलो जास्त लागेल हे लक्षात ठेवा. फिटिंग मात्र गोड्या पाण्यातही तितकंच खरं कळतं. सरळ आडवे व्हा, मग एका कुशीवर वळा, मग दुसऱ्या. सिलिंडर तुमच्याबरोबर वळलं पाहिजे, मागून नाही.

सिलिंडरचा पट्टा आवळण्याआधी ओला करा. नायलॉन पाणी प्यायलं की सैलावतं, हे कापडात हात घालणाऱ्या कुणालाही माहीत असतं. कोरडा पट्टा कितीही घट्ट बांधला तरी पाण्यात दहा मिनिटांत ढिला होतो आणि सिलिंडर खाली घसरतं. मी तो बादलीत बुडवते, पिळत नाही, मग ओढते, आणि सिलिंडर दोन्ही हातांनी धरून हिसका देऊन बघते. पट्टा किती उंचीवर लावायचा हेही शरीरागणिक बदलतं. ॲल्युमिनियमचं सिलिंडर भरलेलं असताना किंचित बुडतं, पण संपत आलं की किलो-दीड किलो वर ओढायला लागतं आणि त्याची खालची बाजू उचलली जाते. वर येताना सुरक्षेसाठी 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं नेमकं तेव्हाच. पाय वर आणि डोकं खाली होत असेल तर पुढच्या डाइव्हला पट्टा दोन बोटं वरखाली करून बघा.

खिसे आणि सामान अडकवायच्या डी-रिंग यांत फार जीव अडकवू नका. वजनाचे खिसे असलेलं जॅकेट मात्र जरूर घ्या, कमरेवर शिशाचा वेगळा पट्टा आमच्यासारख्यांना टोचतो. होडीत चढायच्या आधी खिसे काढून वर द्यायचे, मग जॅकेट, मग आपण.

एक गोष्ट बजावून सांगते. बीसीडी म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. शुद्ध हरपलेल्या माणसाचं तोंड ते पाण्याबाहेर ठेवेलच याची हमी नसते. तसंच, मी दिवसभर मशीनवर बसते, तरी स्वतःच्या बीसीडीच्या पिशवीच्या जवळपास सुई नेत नाही. खिशाची बाहेरची टीप उसवली तर गोष्ट वेगळी. पण सिलिंडर किंवा हवा जिच्यावर अवलंबून आहे ती शिलाई दुरुस्तीवाल्याकडेच गेली पाहिजे. मला कुणी पट्टा छोटा करून मागितला तरी मी नाही म्हणते.

धुणं राहिलं. बाहेरून धुतलं तरी आत समुद्राचं पाणी शिरलेलंच असतं, ते वाळलं की मिठाचे खडे पिशवी घासतात. इन्फ्लेटरच्या तोंडातून गोडं पाणी आत घ्या, थोडी हवा भरा, जॅकेट उलटसुलट हलवा आणि खालच्या डंपमधून सगळं निथळू द्या. असं दोन-तीनदा. मग अर्धवट हवा भरून सावलीत टांगा, उन्हात नको. पावसाळ्यात तसंही आपल्या किनाऱ्यावर डायव्हिंग बंद असतं, आणि पुण्याच्या जुलैत गॅलरीत काहीच वाळत नाही. मी तेव्हा ते दुकानातल्या पंख्याखाली लाकडी जाड हँगरवर लावते, नऊवारीच्या शेजारी, आणि दर पंधरवड्याने हवा भरून रात्रभर ठेवते. सकाळी मऊ पडलं असेल तर कुठूनतरी गळतंय, आणि ते ऑक्टोबरात समुद्रावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

तुमची पाठ पंधरा-सोळा इंचाच्या आसपास असेल आणि स्मॉल बॅक इन्फ्लेट घालून बघायचं असेल तर मला कळवा. माझं जॅकेट दुकानातच आहे. येताना वेटसूट घेऊन या, माप मी घेईन.