खांद्याची प्रश्नावली बनवताना

खांदा दुखणारे बरेच रुग्ण खांद्यावर बोट ठेवतच नाहीत. दंडाच्या बाहेरच्या अंगावरून हात फिरवतात आणि म्हणतात, ‘इथं ठणकतं.’ रोटेटर कफच्या, म्हणजे खांद्याच्या सांध्याभोवतीच्या स्नायूंच्या कड्याच्या, दुखण्याची जागा तीच. उलट ‘खांदा धरलाय’ म्हणत मान आणि खांदा यांमधला भाग दाबून दाखवणाऱ्यांचं मूळ पुष्कळदा मानेत निघतं. आणि ‘खवाटा दुखतो’ म्हणजे खांद्यामागचं, पाठीवरचं चपटं हाड. त्यामुळे खांद्याचा त्रास गुणांत मोजणाऱ्या मराठी प्रश्नावलीत ‘तुमचा खांदा किती दुखतो?’ एवढंच छापलं, तर तीन वेगवेगळ्या दुखण्यांचे गुण एकाच रकान्यात जमा होतात. पहिल्या पानावर पुढून आणि मागून शरीराची आकृती द्यावी, दुखरी जागा रंगवायला सांगावी, डावा की उजवा हे विचारावं आणि खाली छापावं: ‘यापुढचे सगळे प्रश्न याच खांद्याबद्दल आहेत.’

रुग्णालाच का विचारायचं? खांद्याला गुण देण्याची 1987 सालची एक पद्धत, कॉन्स्टंट स्कोअर, पाहा. 100 गुणांपैकी हालचालीला 40, ताकदीला 25. म्हणजे 65 गुण तपासणारा मोजून देतो. वेदनेला 15 आणि रोजच्या कामांना 20, एवढंच रुग्णाच्या सांगण्यावर. पण शस्त्रक्रियेनंतर हात 20 अंश जास्त वर गेला, तरी रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल तर रुग्णाच्या लेखी फार काही बदललेलं नसतं.

ही उणीव भरून काढणारं चांगलं उदाहरण म्हणजे रुग्णाने स्वतः भरायची 1996 सालची प्रश्नावली, ऑक्सफर्ड शोल्डर स्कोअर. खांद्याच्या रुग्णांशी बोलून प्रश्न काढले, मसुदे नव्या रुग्णांवर तपासले, जिथे रुग्ण अडखळले ते प्रश्न बदलले आणि शेवटी 12 प्रश्न ठेवले. मग 111 रुग्णांकडून ते शस्त्रक्रियेआधी आणि सहा महिन्यांनी भरून घेतले. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय आणि मुदत मागच्या चार आठवड्यांची. निखळणाऱ्या खांद्याची तक्रार वेगळी असते. तिथे दुखण्यापेक्षा ‘पुन्हा निसटेल’ ही धास्ती मोठी, म्हणून त्या रुग्णांसाठी 1999 मध्ये स्वतंत्र प्रश्नावली आली. एकच कागद सगळ्या खांद्यांना चालवण्याचा मोह टाळला, हे मला त्या कामातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

आता तेच प्रश्न मराठीत आणून पाहा. ‘सुरी आणि काटा एकाच वेळी वापरता येतो का?’ हाताने जेवणाऱ्या घरात हा प्रश्न फुकट जातो. ‘कपाटात कपडे अडकवणं’ यापेक्षा उंच दोरीवर कपडे वाळत घालणं जवळचं. पण बदली काम निवडताना सांध्याची तीच हालचाल आणि तेवढाच भार हवा. भाकरी थापणं ओळखीचं असलं तरी त्यात हात खांद्याच्या वर जात नाही. वरच्या फळीवरचा डबा काढण्याची जागा ते घेऊ शकत नाही. हात मागे नेण्यासाठी पाठीला साबण लावणं आणि मागचे हूक लावणं ही कामं आहेतच. डावा खांदा आखडलेल्यांना शौचानंतर धुताना होणारा त्रासही विचारायला हवा. तो रुग्ण आपणहून सांगत नाहीत. वेणी घालणं, पदर घेणं ही कामं बायकांच्या उत्तरांत येतील, पुरुषांच्या नाही. एकूण गुणांत धरायची असतील तर दोघांना लागू पडणारं ‘केस विंचरणं’ बरं.

इथेच सर्वांत मोठी गळती होते. ‘करत नाही’ आणि ‘करता येत नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. घरात कधीच कपडे वाळत न घालणारा माणूस ‘अजिबात जमत नाही’ वर खूण करतो आणि त्याचा खांदा कागदावर निकामी ठरतो. ‘हे काम केलं नसेल, तर करावं लागलं असतं असं धरून उत्तर द्या’ ही सूचना प्रश्नांच्या वर ठळक द्यावी.

शब्दांचे सापळे आणखी आहेत. ‘तुम्हाला हात वर नेता येत नाही का?’ याला आलेलं ‘नाही’ दोन्हीकडे लागतं. प्रश्न होकारार्थीच ठेवावा. ‘कपडे घालताना आणि अंघोळ करताना’ असे दोन प्रश्न एकात कोंबू नयेत. पर्यायांत ‘बऱ्यापैकी’ नको, कारण कुणी तो ‘बराच त्रास’ असा वाचतो, कुणी ‘आता बरंय’ असा. मोजता येईल ते मोजूनच विचारावं: ‘एकही रात्र नाही, एकदोन रात्री, काही रात्री, बहुतेक रात्री, रोज रात्री.’

मूळ प्रश्नावलीवर हक्क असतात, म्हणून भाषांतराआधी परवानगी घ्यावी. मग दोन स्वतंत्र भाषांतरं, त्यातलं एक वैद्यकाबाहेरच्या माणसाचं. दोन्हींचा मेळ घालून मूळ प्रत न पाहिलेल्या दोघांकडून उलट, म्हणजे मराठीतून मूळ भाषेत, भाषांतर. शेवटी 30 ते 40 रुग्णांवर चाचणी, प्रत्येक प्रश्नानंतर ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ असं विचारून. हा टप्पा घाईत उरकला की पुढची आकडेमोड व्यर्थ.

आकडेमोडीसाठी निदान शंभरेक रुग्ण हाताशी असावेत. क्रोनबॅक अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, 0.70 ते 0.95 मध्ये असावा. त्याहून जास्त आला तर एकच गोष्ट दोनदा विचारली जातेय असं समजावं. दुखणं स्थिर असलेल्यांकडून दोनेक आठवड्यांनी पुन्हा भरून घ्यावं. 15 टक्क्यांहून जास्त रुग्ण अगदी तळाच्या किंवा माथ्याच्या गुणावर अडकले, तर त्यांच्यातला पुढचा बदल मोजपट्टीला दिसणारच नाही. समजा, गुणांचं प्रमाण विचलन (रुग्णारुग्णांतल्या गुणांचा पसारा) 9 आणि पुनर्चाचणीचा सहसंबंध (दोन्ही वेळचे गुण किती जुळतात तो आकडा) 0.90 आला. मग मोजण्यातली चूक सुमारे 2.8 गुण, आणि एका रुग्णात खरा बदल म्हणायला जवळपास 8 गुणांचा फरक लागतो. 4 गुण वाढले म्हणून त्या रुग्णाला ‘सुधारणा आहे’ असं सांगता येत नाही.

ऑक्सफर्डचे गुण आधी 12 ते 60 असे मोजत, 60 म्हणजे सर्वांत वाईट. नंतरची पद्धत 0 ते 48, आणि 48 सर्वांत चांगला. जुना आकडा 60 मधून वजा केला की नवा मिळतो. एकदोन उत्तरं कोरी असतील तर बाकीच्यांची सरासरी तिथे भरतात. दोनांहून जास्त कोरी असली तर तो अर्ज बाद. वाचता न येणाऱ्या रुग्णाला प्रश्न वाचून दाखवावे लागले, तर तशी नोंद अर्जावर करावी. पुढच्या वेळीही ते त्याच पद्धतीने आणि शक्यतो त्याच व्यक्तीने वाचावेत, पण शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी नव्हे. त्यांच्या तोंडावर ‘अजून दुखतं’ म्हणणं अनेकांना जड जातं.