चौकटीवरच्या रेघा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सांगलीकडचे ऊन सकाळी नऊलाच अंगावर येते. कडुनिंबाचा मोहोर पायवाटेवर सांडलेला असतो आणि शाळांमधून परीक्षेची शांतता पसरलेली असते. आमच्या शाळेत मात्र वर्षातला सर्वांत मोठा गजबजाट याच दिवसांत असे. सकाळची शाळा साडेसातला भरायची, पण पावणेसातपासूनच फाटकाशी मुले उभी असत. कुणाच्या हातात गोणपाट, कुणाच्या डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा भारा, तर कुणाच्या पिशवीत आजीकडून मागून आणलेली जुनी नऊवार. वर्षअखेरचा मेळावा चार दिवसांवर आलेला असायचा आणि जूनमध्ये ज्यांना आईचा पदर सोडवत नव्हता ती पहिलीतली मुलेसुद्धा, कुणी न सांगता, पाण्याच्या कळश्या भरून ठेवण्याच्या कामाला लागलेली असायची.

मी या शाळेत 2003 च्या जूनमध्ये रुजू झाले. कृष्णाकाठी, एका तालुक्याच्या गावात, पहिली ते सातवीची ही लहानशी शाळा काही शिक्षक-पालकांनी एकत्र येऊन काढली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे जे काम उभे केले त्यातून या मंडळींनी प्रेरणा घेतली होती, आणि शेजारच्या कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये सुरू केलेली सृजन आनंद ही शाळा तर त्यांनी कितीदा तरी जवळून पाहिली होती. मूल स्वतःच्या गतीने आणि स्वतःच्या प्रश्नांमागे जात शिकते, मोठ्यांनी त्याच्या वाटेत न येता त्याच्या सोबत राहावे, एवढ्या एका विश्वासावर शाळा चालत असे. ऐकायला हे सोपे वाटते, पण प्रत्यक्षात किती अवघड आहे ते मला मेळाव्याने शिकवले.

मेळाव्याचे सारे निर्णय मुलांच्या सभेत होत. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला वडाच्या पारावर सभा बसे आणि फेब्रुवारीपासून तिच्यात मेळाव्याखेरीज दुसरा विषय नसे. प्रमुख पाहुणे बोलवायचे नाहीत, नंबर काढायचे नाहीत आणि शाळेतले एकही मूल कामावाचून राहता कामा नये, हे तीन नियम मुलांनीच फार पूर्वी ठरवले होते आणि दर वर्षी नव्या मुलांसमोर ते पुन्हा मांडून, त्यांवर वाद घालून, पुन्हा मंजूर केले जात. मला या वादाचे आधी नवल वाटे. ठरलेले पुन्हा का ठरवायचे, असे मी एकदा विचारलेही होते. सातवीतल्या एका मुलाने शांतपणे सांगितले, ‘‘ताई, आम्ही ठरवलं होतं, ह्यांनी कुठं ठरवलंय?’’

मेळावा दोन दिवसांचा. पहिल्या दिवशी सकाळी मुलांचा बाजार भरे. घरच्या परसातली भाजी, चिंचेचे गोळे, कैरीचे पन्हे, मुलांनी शिवलेल्या कापडी पिशव्या असे सारे तिथे विकायला येई आणि त्यातून जमलेल्या पैशांतच पुढचा सगळा खर्च भागवायचा असे. दुपारी वर्गावर्गांतून वर्षभराचे प्रकल्प मांडले जात. दुसऱ्या दिवशी सायंकाळी नाटक, गाणी, हस्तलिखिताचे प्रकाशन आणि शेवटी सगळ्यांचे एकत्र जेवण.

या प्रकल्पांपैकी हळदीचा प्रकल्प माझ्या मनातून कधीच गेला नाही. सांगलीची हळदीची पेठ साऱ्या देशाला ठाऊक आहे, तेव्हा हळद कशी होते हे आमच्या मुलांना पाठच असणार, असा माझा समज होता. तो खोटा ठरला, कारण हळद रोज पाहणाऱ्या मुलांनी तिच्याविषयी कधी प्रश्नच विचारला नव्हता. पाचवीतल्या एका मुलाने जानेवारीत विचारले, की शेतातून गाडीभर हळद निघते आणि बाजारात जाताना पोती एवढी कमी कशी होतात? एवढ्या एका प्रश्नावर वर्ग तीन महिने चालला. मुलांनी दहा किलो ओली हळद तोलून घेतली, एका पालकांच्या शेतावर ती कढईत शिजवली, पंधरा दिवस शाळेच्या गच्चीवर वाळवली आणि रोज सकाळी वजन करून तक्त्यावर मांडले. शेवटी दोन किलोंच्या आसपास हळकुंडे हाती आली. शेकडेवारी ज्यांना पुस्तकातून जमत नव्हती, त्यांनी ती या तक्त्यावर स्वतः शोधून काढली. त्यातूनच पुढे सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे पाहायला जायचे ठरले. जमिनीच्या पोटात खणलेल्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षे कशी टिकत असे आणि 2005 च्या महापुराने त्यांचे किती नुकसान केले, हे मुलांनी तिथल्या म्हाताऱ्यांकडून ऐकून लिहून घेतले. मेळाव्याच्या दिवशी मूळ प्रश्न विचारणारा तो मुलगा तक्त्यासमोर उभा राहून स्वतःच्या आजोबांना घटीचा हिशेब समजावून सांगत होता. आयुष्यभर हळद पिकवलेले ते आजोबा मान डोलावत ऐकत होते आणि मध्येच त्यांनी नातवाची एक चूक दुरुस्त केली, तेव्हा मुलाने खिशातून पेन्सिल काढून तक्त्यावर तिथल्या तिथे दुरुस्ती केली. माझ्या दृष्टीने त्याची वार्षिक परीक्षा तिथेच झाली होती.

माझी स्वतःची एक चूक येथे सांगितली पाहिजे. 2007 च्या मेळाव्यासाठी सहावीच्या मुलांनी एक नाटक रचले होते. बेंदराच्या दिवशी सजवलेला बैल हरवतो, सारा गाव त्याला शोधतो, आणि शेवट काय करायचा यावर मुलांचे एकमत न झाल्याने प्रत्येक तालमीत बैल निराळ्या ठिकाणी सापडे. मला ते विस्कळीत वाटले. पालकांसमोर नीटनेटके काही व्हावे, या हट्टापायी मी दोन रात्री बसून संवाद सुधारले, शेवट पक्का केला आणि त्यात पाण्याच्या बचतीचा एक संदेशही बसवला. मुलांनी तक्रार न करता सगळे पाठ केले. प्रयोग उत्तम झाला, टाळ्याही भरपूर पडल्या. मात्र नंतरच्या शुक्रवारी, सभेत मेळाव्याचा आढावा चालू असताना, एक मुलगी उठून म्हणाली, ‘‘ताई, नाटक चांगलं झालं. पण बैल आमचा नव्हता.’’ तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला ते फार लागले. मी सभेत मुलांची क्षमा मागितली. त्या दिवशी मुलांनी नवा ठराव केला, की मोठ्यांनी मेळाव्यात विजेच्या तारा जोडाव्यात, जड सामान उचलावे, आणि विचारले तरच बोलावे. हा ठराव मी शाळेत असेपर्यंत कधी बदलला नाही.

आणि त्या ठरावाचे सामर्थ्य मला 2013 मध्ये दिसले. आदल्या दिवाळीनंतर बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांतली दोन भावंडे आमच्या शाळेत येऊ लागली होती. कारखान्याच्या तळावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, ती राहत. थोरली बहीण चौथीत बसायची, धाकटा भाऊ दुसरीत. पहिले काही आठवडे दोघे एकमेकांचा हात सोडत नसत. मग पाहता पाहता बहीण लेझीम शिकली, इतकी की तिच्या पावलांवर बाकीची मुले पावले टाकू लागली. भाऊ बोलत फार कमी, पण मातीची बैलजोडी अशी करायचा की बैलांच्या वशिंडावर हात फिरवावासा वाटे. मेळाव्यात दोघांची कामे ठरली होती. फेब्रुवारीच्या सभेत मात्र बहिणीने सांगितले, की मार्चच्या मध्याला कारखान्याचा पट्टा पडणार, म्हणजे गाळपाचा हंगाम संपणार, आणि मग ते गावी जाणार.

आम्ही शिक्षक काही सुचवण्याआधीच चर्चा सुरू झाली. एक म्हणाला, त्यांची कामे दुसऱ्यांना देऊ. दुसरी म्हणाली, लेझीम तिच्याशिवाय कशी होईल? तिसऱ्याने विचारले, मेळावा एप्रिलमध्येच का असतो? या प्रश्नाचे उत्तर कुणाकडेच नव्हते. तो तसा असतो म्हणून असतो, एवढेच. मग चार मुले तळावर जाऊन मुकादमांना भेटून आली, पट्टा केव्हा पडेल याचा अंदाज घेऊन आली आणि मेळावा मार्चच्या पहिल्या शनिवार-रविवारी घ्यायचा ठरला. तयारीला तीन आठवडे राहिले होते. हस्तलिखिताची अर्धी पाने कोरी होती, प्रकल्प अपुरे होते, बाजारासाठी कैऱ्या धरल्याच नव्हत्या. मुलांनी ‘अपुरा मेळावा’ असा फलक स्वतः रंगवून फाटकावर लावला आणि प्रत्येक प्रकल्पाखाली अजून काय शोधायचे राहिले आहे ते लिहिले. माझ्या मते आमच्या शाळेतला तो सर्वांत चांगला मेळावा होता. त्या रात्री तळावरची पंधरा-वीस माणसे दिवसभर तोडणी करून, हातपाय धुऊन, लेकरांना कडेवर घेऊन आली होती. लेझीम सुरू झाली तेव्हा भावंडांची आई मांडवाच्या अगदी मागे उभी होती. मुलांनी तिला हाताला धरून पुढे आणून बसवले.

भावंडे गेल्यावर एप्रिलमध्ये मुलांनी कोऱ्या पानांवरचा मजकूर पुरा केला आणि हस्तलिखिताची हाताने उतरवलेली दुसरी प्रत मुकादमांच्या पत्त्यावर पाठवली.

मेळाव्याचा शेवट नेहमी एकाच गोष्टीने होई. जेवणे झाली की मुले मोठ्या वर्गाच्या दाराशी रांग लावत आणि लाकडी चौकटीवर प्रत्येकाच्या उंचीची रेघ मारली जाई. जूनमधली रेघ आणि एप्रिलमधली रेघ यांतले अंतर बोटांनी मोजताना मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटे ते पाहायला पालक थांबून राहत. रोज समोर असलेले मूल वाढताना दिसत नाही, मग ते उंचीत असो की समजुतीत. आम्हा शिक्षकांना वर्षातून त्या दोन दिवसांत ते दिसायचे.

2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला आणि वर्गात सव्वाचार फूट पाणी चढले. चिखल उपसल्यावर पाहिले तर चौकटीवरच्या पेन्सिलीच्या साऱ्या रेघा पुसून गेल्या होत्या. सुरुवातीच्या एका पालक-सुताराने पटाशीने कोरलेल्या थोड्या खुणा तेवढ्या राहिल्या होत्या. मुलांनी पाण्याची पातळी चौकटीवर निळ्या रंगाने आखून ठेवली आणि त्या एप्रिलमध्ये कोण कोण तिच्या वर जाते ते पाहायचे ठरवले. पण मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाली. पुढची दोन वर्षे वर्ग मोबाइलवर भरत राहिला आणि ज्यांच्या घरी मोबाइल नव्हता त्यांच्यासाठी आम्ही अंगणाअंगणांतून हिंडत राहिलो. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. मुले आमच्या नजरेआड वाढत होती.

एप्रिल 2022 मध्ये मेळावा पुन्हा भरला. पहिली-दुसरीतल्या कोणीही तो पूर्वी पाहिलेला नव्हता, त्यामुळे तिन्ही नियमांवर झालेला वाद नेहमीपेक्षा फारच लांबला आणि मला ते ऐकताना भरून येत होते. रात्री चौकटीपाशी रांग लागली. पुराच्या वर्षी दुसरीत असलेली एक मुलगी, जी तेव्हा निळ्या रेघेखाली टाचा उंचावून उभी राहिली होती, आता चौथी संपवत होती. ती पाठ टेकून, टाचा जमिनीला लावून उभी राहिली. निळी रेघ तिच्या कपाळामागे होती. मी तिच्या डोक्यावर पट्टी धरून रेघ मारली. ती वळली, दोन्ही रेघांमधले अंतर तिने बोटांनी मोजले आणि माझ्यापुढे हात केला.

‘‘पेन्सिल द्या ताई,’’ ती म्हणाली, ‘‘पुढच्याची रेघ मी मारते.’’