आमची वाटचाल : प्रेस, एडीएचडी आणि गुरुवारची सुट्टी

वडिलांनी प्रेस सुरू केला तो नारायण पेठेत, ट्रेडल म्हणजे पायाने चालवायच्या मशीनवर. अक्षरांचे धातूचे खिळे जुळवणारे दोन कंपोझिटर, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणेश मंडळांचे अहवाल. ट्रेडल जाऊन ऑफसेट आलं, खिळ्यांच्या जागी संगणकावरची पेजमेकर आणि श्रीलिपी ही सॉफ्टवेअर आली. धंदा माझ्या हातात आल्यावर आम्ही भोसरी एमआयडीसीतल्या गाळ्यात आलो. आज एक सिंगल कलर मशीन, एक टू कलर, एक कटिंग मशीन आणि पाच माणसं. एवढा इतिहास पुरे. पुण्यातल्या निम्म्या प्रेसचा तो असाच असतो.

आमचं वेगळं काही असेल तर ते हे, की प्रेसच्या मालकिणीला, म्हणजे मला, एडीएचडी आहे : लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणारी मेंदूची ठेवण. ते कळलं चाळिशी ओलांडल्यावर, मुलाच्या तपासणीच्या निमित्ताने. डॉक्टर प्रश्न त्याच्याबद्दल विचारत होते आणि वर्णन माझं होत होतं. हे बऱ्याच अंशी आनुवंशिक असतं, त्यामुळे त्यांना नवल वाटलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची 18 प्रश्नांची यादी त्यांनी माझ्यापुढे सरकवली. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाच्या आधीपासून असावी लागतात, म्हणून शाळेची प्रगतिपुस्तकं आणायला सांगितली. आईने सगळी जपून ठेवली होती. वर्ग बदलला, बाईंचं अक्षर बदललं, शेरा तोच : ‘हुशार आहे, पण लक्ष नसते.’

धंद्याला याचा फायदा झाला, नाही कशाला म्हणू? दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ डोक्यात बसलं की मी रात्री दोनपर्यंत हलत नाही. भूक, तहान, पाठ, काही जाणवत नाही. ‘ताईंना द्या, रात्रीत करून देतात,’ अशी ख्याती त्यातूनच झाली. आणि त्याच डोक्याला जीएसटीची फाइल 20 तारीख अंगावर आल्याशिवाय उघडवत नाही. मेंदूतल्या डोपामिन आणि नॉरएड्रेनॅलिन या रसायनांच्या कारभाराशी याचा संबंध आहे. गोळ्यांचं काय ते डॉक्टर ठरवतात, त्यावर मी बोलत नाही. माझा विषय विश्रांतीचा आहे, कारण धंद्यात तिथेच सगळं अडत होतं. ‘दमलं की थांबावं’ हा सल्ला माझ्या काही कामाचा नाही. मी दमल्याची बातमी मला दुसऱ्या दिवशी मिळते, जेव्हा साधं कोटेशनही जुळत नाही.

थांबवणारं कुणी बाहेरून हवं. टायमर लावून पाहिला. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने 1980 च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास केला. 25 मिनिटं काम, 5 मिनिटं सुट्टी ही पद्धत तिथून आली. बिलं, कोटेशनं, उधारीचे फोन यांना ती उत्तम. लेआउटला निरुपयोगी. त्यात शिरायलाच मला तेवढी मिनिटं लागतात, आणि टायमर वाजला की हात आपोआप तो बंद करतो.

उपाय निघाला मशीनवर. सिंगल कलरवर काळ्यानंतर पिवळा घ्यायचा तर शाईची टाकी खरवडून रिकामी करायची, रोलर धुवायचे, ब्लँकेट (कागदावर छाप उमटवणारं रबरी कापड) पुसायचं. एका धुण्यात भागत नाही. रोलरवर काळ्याचा अंश राहिला की पिवळा मळकट, हिरवट उठतो आणि पत्रिकेवरच्या गणपतीला कावीळ झाल्यासारखं दिसतं. मशीनवरचे काका वेस्टचा (टाकाऊ सुताचा) बोळा पिळून पुन्हा पुन्हा पुसत राहतात, घाई करत नाहीत. शक्यतो फिक्याकडून गडदकडे जातात, तरी दिवसातून वॉशअप, म्हणजे ही धुलाई, येतोच. आता तो आला की काका आधी माझ्या टेबलापाशी येतात. “ताई, वॉशअप,” म्हणतात आणि मी उठेपर्यंत उभे राहतात. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून ते प्रेसमध्ये आहेत. टायमरला नाही म्हणता येतं, काकांना नाही.

त्या वेळात फोन टेबलावरच राहतो. ‘कामात बदल हीच विश्रांती’ असं वडील म्हणत. त्यांना ते जमायचं. मी दुसरं काम हातात घेतलं की तेच मला धरून बसतं. म्हणून फक्त चालायचं, कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत आणि परत. पावसात गाळ्यातल्या गाळ्यात, कागदाच्या रिमांमधून.

एडीएचडीवाल्या उद्योजकांचा विषय निघाला की पॉल ऑर्फेलाचं नाव येतं, आणि तो आमच्याच बिरादरीतला. 1970 मध्ये त्याने कॅलिफोर्नियात विद्यापीठाजवळ झेरॉक्सचं दुकान काढलं, इतकं लहान की मशीन फुटपाथवर ढकलावं लागे. पुढे त्याची किंकोज ही दुकानांची साखळी झाली आणि 2004 मध्ये फेडेक्स या कुरिअर कंपनीने ती विकत घेतली. त्याला डिस्लेक्सियाही (वाचन-लेखनाची अडचण) होता आणि एका जागी बसणं जमत नसे. तो दुकानं फिरत राहायचा. लोक याला अलौकिक शक्ती वगैरे म्हणतात. मला त्यात दुसरंच दिसतं. त्याच्या दुकानांना भागीदार होते, टेबल सांभाळणारे. तो उठून जाऊ शकत होता, कारण मागे कुणीतरी बसलेलं होतं.

आमच्याकडे ती घडी बसायला वेळ लागला. सकाळी नऊला शटर काका उघडतात, मी अकराला येते; एडीएचडी असलेल्या बऱ्याच जणांचं झोपेचं चक्र उशिराचं असतं, माझंही आहे. शेजारच्या गाळ्यातले म्हणतात मालकीण उशिरा येते. येते. जीएसटी अकाउंटंट बघतात. एमआयडीसीची गुरुवारची सुट्टी मी पूर्वी हमखास कामात घालवायचे, कारण ना फोन ना मशीनचा आवाज. आता गुरुवारी किल्ली काकांच्या घरी असते.

याची कसोटी लागली 2024 च्या विधानसभेला. दिवाळी सरते न सरते तोच प्रचारपत्रकांची झुंबड, मतदान 20 नोव्हेंबरला. अशा कामाची धावपळ मला मनापासून आवडते. पण प्रत्येक पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता, प्रकाशकाचं दोन साक्षीदारांच्या सह्यांचं घोषणापत्र, छापलेली प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे, हे सगळं कायद्याने लागतं. जागरणाने बधिर झालेल्या डोक्याने ते होत नाही. म्हणून रात्रपाळी लावली, पण मी दिवसाचीच राहिले. पेलणार नाहीत ते जॉब परत पाठवले. एक उमेदवार अजून बोलत नाहीत. कागदपत्रं मात्र सगळी जागच्या जागी होती.

खंडेनवमीला मशीनची पूजा होते आणि त्या दिवशी मशीनला हात लागत नाही, हे वडिलांच्या वेळेपासूनचं. दिवाळीत लक्ष्मीपूजन ते भाऊबीज प्रेस बंद, हे माझ्या वेळचं. तेव्हा तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिकांचा मजकूर कृपया दसऱ्याच्या आत द्यावा, आणि प्रूफ दोनदा तपासावं. सुट्टीत फोन उचलला जात नाही. आडनाव चुकलं असेल तर ते भाऊबीजेनंतरच दुरुस्त होईल.