किशोरवयीनांना विचारायचं कसं? नागपुरातल्या सर्वेक्षणाचा माझा अनुभव

विवाहपूर्व लैंगिक वर्तनावर नागपुरात सर्वेक्षण करताना माझा सर्वाधिक वेळ एथिक्स कमिटीपुढे (संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी समिती) गेला, आणि तो जायलाच हवा. 2012च्या पोक्सो कायद्यात 18 वर्षांखालच्यांचे परस्परसंमतीचे संबंधही गुन्हा ठरतात. माहिती असून पोलिसांना न कळवणाऱ्याला कलम 21खाली शिक्षा आहे. म्हणून सिनॉप्सिसमध्येच, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यातच, लिहिलं: नाव नाही, तुकडी नाही, जन्मतारखेऐवजी पूर्ण झालेलं वय. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पालकांची संमती आणि मुलांचा स्वतःचा होकार, दोन्ही घेतले. सह्यांचे कागद प्रश्नावलीपासून वेगळ्या गठ्ठ्यात. कुणी तोंडी अत्याचार सांगितला तर मला कळवावंच लागेल, हेही मुलांना आधीच सांगितलं.

प्रश्नावली मराठी आणि हिंदी दोन्हींत हवी. इथली बरीच मुलं मित्रांत हिंदीच बोलतात. ‘लैंगिक संबंध’ असा एकच मोघम प्रश्न ठेवला तर प्रत्येक जण आपापला अर्थ लावतो. हात धरणं, चुंबन, संभोग असं एकेक वेगळं विचारा, ‘आजवर’ आणि ‘गेल्या 12 महिन्यांत’ हेही वेगळं.

सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे ‘नाही असल्यास थेट पुढच्या विभागाकडे जा’ ही सूचना. मग ‘हो’ म्हणणारा जास्त वेळ लिहीत राहतो आणि शेजारच्या बाकाला उत्तर कळतं. त्यामुळे ‘नाही’वाल्यांनाही तितकेच प्रश्न दिले, आहार-झोपेचे. मुलं-मुली वेगळ्या खोल्यांत, शिक्षक बाहेर, कागद बंद पेटीत. कोरं उत्तर म्हणजे ‘नाही’ नव्हे. त्याला वेगळा कोड द्या.

कल मांडताना जुने आकडे सरसकट एका रेषेत जोडू नका. 2006-07च्या ‘युथ इन इंडिया’ अभ्यासात महाराष्ट्रासह 6 राज्यं होती. त्यात सुमारे 15 टक्के तरुणांनी आणि 4 टक्के तरुणींनी विवाहपूर्व संबंध सांगितले, पण वयोगट 15 ते 24, आणि समोरासमोरच्या मुलाखतीला बंद पाकिटातल्या निनावी उत्तराची जोड होती. किशोरवयीनांवरचा ‘उदया’ अभ्यास बिहार आणि उत्तर प्रदेशपुरता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात असे प्रश्न 15 आणि त्यावरच्या वयालाच. शिवाय लग्नाचं वय वाढलं की अविवाहित वर्षंही वाढतात. नुसत्या टक्क्यावरून ‘वर्तन बदललं’ म्हणणं मला पटत नाही. तक्त्यात वय, पद्धत आणि विवाहित धरले की नाही, हे 3 रकाने आधी भरा, टक्के नंतर.

जाताना प्रत्येकाला, उत्तर काहीही असो, 1098 हा बाल हेल्पलाइनचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी दिली.