आमची वाटचाल: शटर, ग्रिल आणि एक जुनी केस

लालबागच्या एका गल्लीत आमचं वर्कशॉप आहे. रोलिंग शटर, खिडक्यांच्या ग्रिल, जाळीची गेटं आणि या सगळ्याची दुरुस्ती. 2014 मध्ये एक वेल्डिंग मशीन आणि उसना ग्राइंडर, एवढ्यावर सुरुवात केली. त्याआधी कुठे होतात, असं गिऱ्हाईक विचारतं. मी सरळ सांगतो, आर्थर रोड जेलमध्ये.

मी कामाला होतो त्या दुकानाच्या गल्ल्यातली रोकड गेली. चावी माझ्याकडे असायची, म्हणून नाव माझं. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम 381, नोकराने केलेली चोरी, सात वर्षांपर्यंत शिक्षा. जामीन मंजूर झाला, पण ऐपतीचा दाखला असलेला जामीनदार आणायचा कुठून? आई चार घरची धुणीभांडी करायची. जामीन कागदावर राहिला आणि मी आत, कच्चा कैदी.

बराकीत सोलापूरकडचे एक माळकरी आजोबा होते. टाळ नाही, म्हणून जेवणाच्या थाळीवर बोटांनी ठेका धरून भजन म्हणायचे. मी भिंतीकडे तोंड करून पडायचो. डोक्यात एकच, सुटलो की शेठला बघून घेतो. एका रात्री आजोबा म्हणाले, "पोरा, तू रोज शेठला उशाला घेऊन झोपतोस. त्याला तरी जामीन दे." सगळी बराक हसली. मला मात्र ते लागलं. पुढे कधीतरी माझाही हात त्या ठेक्यात पडायला लागला.

मला सोडवलं ते वकिलाने, विठ्ठलाच्या नावावर ते खपवणार नाही. कोठडीतल्या माणसाला 1987 च्या विधी सेवा कायद्याने फुकट वकील मिळतो, हे आत कित्येकांना ठाऊकच नसतं. निर्दोष सुटलो. भरपाईचं म्हणाल तर, विनाकारण अटक करवणाऱ्याकडून कायद्याने फार तर हजार रुपये मिळतात. विधी आयोगाने 2018 मध्ये अशा भरपाईसाठी कायद्यात वेगळी तरतूद सुचवली होती. शेठवर उलटी केस टाकू, असं वकील म्हणाले. मी नको म्हटलं. पुन्हा तारखा, पुन्हा तोच माणूस डोक्यात.

काही वर्षांनी भर पावसात त्याच दुकानातून फोन आला. शटरची स्प्रिंग तुटली होती, शटर अर्ध्यावर अडकलेलं. मीच गेलो. पाइप उतरवला, नवी स्प्रिंग चढवली, गाइडला ग्रीस मारलं. शेठ थकले होते, छत्री धरून बाजूला उभे. "पैसे घरातल्याच माणसाने नेले होते," एवढंच बोलले. मी म्हटलं, "कळलं होतं मला. चहा सांगा." बिल मात्र पूर्ण घेतलं. माफी वेगळी, मजुरी वेगळी.

आज चार कारागीर आहेत, त्यातले दोघे आत राहून आलेले. मोठ्या सोसायट्या पोलिस व्हेरिफिकेशन मागतात, म्हणून माझ्या निकालाची झेरॉक्स मी कोटेशनलाच जोडतो. काहींचा मग फोन येत नाही. ज्यांचा येतो त्यांना एकच विनंती: गंजलेल्या स्प्रिंगा मे महिन्यातच बदलून घ्या. जूनमध्ये आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि आषाढीला वर्कशॉप बंद असतं. त्या दिवशी आम्ही वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराच्या रांगेत असतो.