शिमचा हिशेब: वर किती, खाली किती

सलग पुढच्या अ‍ॅक्सलच्या (दोन्ही पुढची चाके जोडणाऱ्या एकाच अखंड कण्याच्या) गाडीत स्टीअरिंग नकल, म्हणजे चाक धरून वळणारा भाग, वरच्या आणि खालच्या अशा दोन बेअरिंगवर फिरते आणि त्यांच्या टोप्यांखाली शिम, म्हणजे धातूच्या पातळ चकत्या, असतात. शिमची एकूण जाडी बेअरिंगवरचा दाब ठरवते, तर तिची वर-खाली वाटणी नकलचा मध्य, म्हणजे ती अ‍ॅक्सलच्या नेमक्या मधोमध बसते का, हे ठरवते. या दोन गोष्टींची गल्लत झाली की सगळे काम फसते. मध्य चुकला तर चाक फिरवणारा शाफ्ट ऑइल सीलच्या (तेल अडवणाऱ्या कड्याच्या) एका बाजूला रेलतो, तिथली कडा झिजते आणि गिअर ऑइल नकलमध्ये उतरून ग्रीस पातळ करते.

माझ्या गाडीत नेमके हेच झाले होते. जुने सील हातात घेतले, तेव्हा त्याची कडा खालच्या बाजूला चपटी आणि गुळगुळीत, तर वर जवळजवळ नवी दिसली. वरचा ०.२ मिमीचा शिम काढून खाली घातला, म्हणजे एकूण जाडी तीच राहून नकल तेवढीच वर सरकली. त्यानंतर सील न बसवता, स्टीअरिंगच्या दांड्या सोडवून, नकलच्या आर्मच्या (त्या दांड्या जिथे जोडतात त्या हाताच्या) टोकाला स्प्रिंगकाटा लावला आणि नकल फिरायला लागणारी ओढ मोजली. नुसत्या हाताच्या अंदाजावर इथे मुळीच विसंबू नये, कारण सैल बेअरिंगमुळे चाक थरथरते आणि अति घट्ट बेअरिंग लवकर खराब होते.